आकाश मोकळे झाले, ओळखीचे काय?

कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनाच्या गच्चीवरून एखाद्याने हौसेखातर पाव किलोचा ड्रोन उडवायचे ठरवले, तरी त्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागेल. राष्ट्रपती भवन, संसद आणि केंद्रीय सचिवालयाच्या भोवतीचे आकाश ‘लाल’ आहे. विजय चौकापासून ५ किलोमीटरचा परिसर २०१८ च्या नियमावलीतच निषिद्ध ठरवण्यात आला होता. पालमच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या कुंपणाबाहेरील पहिल्या ५ किलोमीटरचीही तीच स्थिती. असे असूनही जानेवारी २०२५ अखेरच्या सरकारी नोंदीनुसार देशातील २९,५०१ नोंदणीकृत ड्रोनपैकी सर्वाधिक, म्हणजे ४,८८२, दिल्लीत होते. त्याखालोखाल तमिळनाडूत ४,५८८ आणि महाराष्ट्रात ४,१३२.

या आकड्यांत वरवर दिसणारी विसंगती फार गहन नाही. नोंदणीचा पत्ता दिल्लीचा असला म्हणजे ड्रोन दिल्लीतच उडतो असे नाही. खरी मेख तेथेच आहे. ड्रोन कोणाच्या नावावर आहे हे सरकारच्या नोंदवहीत असते. या क्षणी तो कोठे आहे, किती उंचीवर आहे आणि त्याचे सुकाणू कोणाच्या हाती आहे, हे सांगणारी देशव्यापी यंत्रणा मात्र अद्याप उभी राहिलेली नाही. गेल्या दशकात केंद्राचे ड्रोनविषयक धोरण सरसकट बंदीपासून उदार मुभेपर्यंत आणि तेथून पुन्हा कठोर शिक्षेच्या प्रस्तावापर्यंत झुलत आले. या प्रवासात परवाने, अर्ज, शुल्क, अनुदान आणि दंड या सर्वांची चर्चा झाली. ज्या आकाशात प्रवासी विमाने, हेलिकॉप्टर आणि ड्रोन एकत्र वावरणार, त्या आकाशातील परस्परांची ओळख हा प्रश्न तेवढा मागे पडला.

बंदी ते मुभा

मे २०१४ मध्ये मुंबईतील एका पिझ्झाविक्रेत्याने वरळीतील एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवला, तेव्हा वृत्तपत्रांना कौतुक वाटले आणि पोलिसांनी विचारणा सुरू केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) एका जाहीर सूचनेद्वारे, नियम तयार होईपर्यंत खासगी व्यक्ती आणि संस्थांना ड्रोन उडवण्यास मनाई केली. नियम तयार होण्यास जवळपास चार वर्षे लागली. २७ ऑगस्ट २०१८ रोजी नियमावली जाहीर झाली आणि १ डिसेंबरपासून ती लागू झाली. तिचे घोषवाक्य होते, ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’. ‘डिजिटल स्काय’ या संगणकीय व्यासपीठाकडून मंजुरी आल्याशिवाय ड्रोनचे यंत्र सुरूच होऊ नये, अशी ती कल्पना होती. कल्पना उत्तम होती, परंतु व्यासपीठ तयार नव्हते आणि बाजारातील ड्रोन त्या कसोटीला उतरणारे नव्हते. परिणामी कायदेशीर उड्डाण जवळजवळ अशक्य आणि बेकायदा उड्डाण सर्रास, असे चित्र निर्माण झाले.

मार्च २०२१ मध्ये आलेल्या मानवरहित विमान प्रणाली नियमांनी ही गुंतागुंत अधिक वाढवली. पाच महिन्यांतच ते गुंडाळले गेले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी अर्जांची संख्या २५ वरून ५ वर आणि शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४ वर आणले. विमानतळाभोवतीचा ‘पिवळा’ पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आला. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये ठरली. नागरी विमान वाहतूक खात्याची सूत्रे ज्योतिरादित्य शिंदे यांच्याकडे जुलै २०२१ मध्ये आली होती. मंत्रिपदाच्या पहिल्याच दोन महिन्यांत हा निर्णय झाला, यावरून तो केवळ खात्याचा नव्हता, पंतप्रधान कार्यालयाची त्यामागे इच्छाशक्ती होती, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे.

या निर्णयाची वेळही लक्षणीय होती. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. दोन जवान किरकोळ जखमी झाले. असा हल्ला झाल्यावर सरकारे सहसा नियम आवळतात. येथे दोन महिन्यांच्या आत ते सैल झाले. सीमेपलीकडून येणारा ड्रोन नोंदणीचा अर्ज भरून येत नाही, मग देशातील शेतकरी, सर्वेक्षक आणि उद्योजक यांना त्याची शिक्षा कशासाठी, हा त्यामागील युक्तिवाद बिनतोड होता.

मुभेची फळेही दिसली. गावठाणातील घरांच्या मालकीचे नकाशे तयार करणारी ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तिची पूर्वतयारी महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साह्याने केलेल्या मोजणीत झाली होती, हे दिल्लीत फारसे कोणी सांगत नाही. २०२० च्या टोळधाडीत ड्रोनने फवारणी झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात बिष्णुपूरहून लोकटक सरोवरातील करांग बेटावर ड्रोनने लस पोहोचली. रस्त्याने २६ किलोमीटरचे अंतर हवेतून १५ किलोमीटर भरले आणि सुमारे पाव तासात कापले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या आदिवासी गावी लस नेण्यात आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२६१ कोटी रुपयांची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर करून १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरवले. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र ज्या वेगाने उड्डाणे वाढली, त्या वेगाने आकाशाची व्यवस्था लागली का, असा प्रश्न विचारला की मंत्रालयांच्या कार्यालयांतून उत्तरे मोघम होऊ लागतात.

शंभर फुटांचे अंतर

सध्याची व्यवस्था तीन रंगांची आहे. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांची आहे. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते आणि तेथे हवाई वाहतूक नियंत्रकांची अनुमती आवश्यक ठरते. लाल क्षेत्रात केंद्राच्या संमतीविना काहीच उडत नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी हा नकाशा जाहीर झाला, तेव्हा देशाच्या भूभागाचा फार मोठा भाग हिरवा ठरला.

४०० फुटांमागे साधा हिशेब आहे. वैमानिक असलेल्या विमानांनी सर्वसाधारणपणे ५०० फुटांच्या खाली उतरू नये, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ड्रोन ४०० च्या खाली, विमान ५०० च्या वर आणि मध्ये शंभर फुटांची मोकळी पट्टी, म्हणजे धडक संभवत नाही, असे हे गणित. कागदावर ते चोख आहे. प्रत्यक्षात विमानाला उतरताना आणि उडताना या पट्टीतून जावेच लागते, म्हणून विमानतळाभोवती लाल-पिवळी वर्तुळे काढली जातात. हेलिकॉप्टरचे काय? केदारनाथच्या दरीत यात्रेकरूंना नेणारी, निवडणुकीच्या हंगामात नेत्यांना घेऊन शेतातल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरणारी, पुरात अडकलेल्यांना दोराने वर खेचणारी हेलिकॉप्टर ही पट्टी रोज ओलांडतात. प्रचारसभेचे हवाई चित्रीकरण करणारा ड्रोन आणि त्याच सभेसाठी येणारे नेत्याचे हेलिकॉप्टर एकाच वेळी एकाच मैदानावर असणे ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही.

ड्रोनला उंचीची आणि क्षेत्राची मर्यादा पाळायला लावणारी साधने माहीत नाहीत असे नव्हे. निषिद्ध क्षेत्रात ड्रोनला शिरूच न देणारे आभासी कुंपण, त्याचा ठावठिकाणा सतत कळवणारा संकेतक आणि परवानगीविना उड्डाण रोखणारी कळ, या तिन्हींचा उल्लेख २०२१ च्या ड्रोन नियमांत आहे. पण नियमाचा काळ भविष्याचा आहे. केंद्र सरकार ही सुरक्षा वैशिष्ट्ये ‘भविष्यात’ अधिसूचित करू शकेल आणि त्यानंतर मालकांना त्यांच्या अंमलबजावणीसाठी किमान सहा महिन्यांची मुदत मिळेल, असे त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मानवरहित वाहतूक व्यवस्थापनाचा राष्ट्रीय आराखडाही प्रसिद्ध झाला. मानवी नियंत्रकाच्या आवाजी सूचनांऐवजी संगणकीय जाळ्यातून ड्रोनना मार्ग देणारी, खासगी सेवादात्यांमार्फत चालणारी व्यवस्था त्यात कल्पिलेली आहे. नियम आणि आराखडा अशा दोन्ही दस्तऐवजांवर वर्षांची धूळ साचत गेली, आणि नोंदणीकृत ड्रोनची संख्या मात्र वाढत राहिली.

रडारला न दिसणारे

विमानतळावर एवढी रडार असताना ड्रोन दिसत का नाहीत, हा सामान्य वाचकाचा प्रश्न रास्त आहे. विमानतळाचे मुख्य रडार धातूच्या मोठ्या वस्तूचा परावर्तित संकेत टिपते. दोन किलोचा प्लॅस्टिकचा ड्रोन त्याच्या लेखी एखाद्या घारीएवढा असतो, आणि पक्षी पडद्यावरून गाळून टाकण्यासाठीच ही यंत्रणा जुळवलेली असते. दुय्यम रडारला उत्तर देणारे उपकरण प्रवासी विमानात असते, ड्रोनमध्ये नसते. विमाने आपले स्थान स्वतः प्रसारित करतात ती पद्धत ड्रोनसाठी सरसकट वापरावी, तर हजारो ड्रोनच्या संकेतांनी तीच वारंवारिता तुंबेल आणि विमानेच दिसेनाशी होतील. याच कारणाने अमेरिकेने लहान ड्रोनना ती पद्धत वापरण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे.

त्यावरचा उपाय म्हणून ‘रिमोट आयडी’ ही दूरस्थ ओळखीची पद्धत पुढे आली. गाडीच्या क्रमांकपाटीसारखी ती आकाशातील पाटी आहे. उडणारा ड्रोन आपला क्रमांक, स्थान, उंची, वेग आणि चालकाची जागा आसपास प्रसारित करत राहतो. अमेरिकेत या नियमाची सक्तीची अंमलबजावणी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. युरोपीय संघाने जानेवारी २०२३ पासून ‘यू-स्पेस’ या नावाने निवडक क्षेत्रांत ड्रोन वाहतुकीची चौकट लागू केली. तिचे एक वैशिष्ट्य भारताने नीट न्याहाळावे असे आहे. अशा क्षेत्रातून नियंत्रकाच्या सेवेविना जाणाऱ्या वैमानिकयुक्त विमानांनाही आपले अस्तित्व इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवावे लागते. आकाश सामायिक असेल, तर दिसण्याची जबाबदारीही सामायिक, हे त्यामागचे तत्त्व.

ओळख नसल्याची किंमत काय, याचे दाखले कमी नाहीत. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर एक छोटा ड्रोन आदळला. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले. ड्रोनचा चालक कित्येक किलोमीटर दूर होता, त्याला आपला ड्रोन दिसत नव्हता आणि धडक झाल्याचे ठाऊकही नव्हते. हेलिकॉप्टरवर अडकून राहिलेल्या ड्रोनच्या तुकड्यांवरून चौकशी यंत्रणा त्याच्यापर्यंत पोहोचली. तुकडे अडकले नसते, तर प्रकरण तेथेच संपले असते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोनने भोक पाडले आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसवावे लागले. समान वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोनचा आघात अधिक घातक ठरतो, हे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनासाठी झालेल्या २०१७ च्या अभ्यासाने दाखवले आहे. पक्ष्याचे शरीर आघातात पसरते, पण मोटर आणि बॅटरी टणक राहून आत शिरतात.

कधी ड्रोन आदळावाही लागत नाही, त्याची शंकाच पुरेशी ठरते. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनचे गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या खबरींवरून ऐन नाताळात बंद पडले. सुमारे एक हजार उड्डाणे आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी त्यात अडकले. पोलिसांनी एका निरपराध दांपत्याला अटक केली, पुढे त्यांना भरपाई द्यावी लागली, आणि खरा दोषी कधीच सापडला नाही. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्यामुळे काही तास उड्डाणे थांबली, विमाने अन्यत्र वळवली गेली. हवाई दलाने आपली हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, पण ती वस्तू पुन्हा दिसली नाही. ती काय होती, हे सांगता येईल असे साधन विमानतळाकडे नव्हते.

चरखी दादरीचा धडा

दिल्लीच्या आकाशाला या विषयाची स्वतःची, फार दुःखद आठवण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे दिल्लीहून निघालेले बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे दिल्लीकडे येणारे इल्युशिन-७६ समोरासमोर आदळले. दोन्ही विमानांतील ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. हवेतल्या हवेत झालेल्या धडकेतील ही आजवरची सर्वाधिक जीवितहानी. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले, हे त्याचे तात्कालिक कारण. न्यायमूर्ती र. च. लाहोटी यांच्या चौकशीत ते स्पष्ट झाले.

परंतु त्या कारणामागे दोन व्यवस्थात्मक कारणे उभी होती. दिल्लीभोवतीच्या आकाशाचा मोठा हिस्सा हवाई दलासाठी राखीव असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच मार्गिका होती. आणि नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची उंची दिसत नव्हती. उंची दाखवणारे दुय्यम रडार घेण्याचे ठरले होते, पण ते कार्यान्वित झाले नव्हते. अपघातानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले, दुय्यम रडार सुरू झाले आणि टक्कररोधक उपकरण विमानांना अनिवार्य झाले. म्हणजे जे करायचे ते सर्वांना आधीच ठाऊक होते. ३४९ जणांच्या मृत्यूनंतर केवळ त्याची तारीख ठरली.

ड्रोनच्या बाबतीत आज आपण नेमके त्याच टप्प्यावर आहोत. उपकरण माहीत आहे, नियम लिहिलेला आहे, आराखडा छापलेला आहे, तारीख तेवढी नाही. ही जबाबदारी नवीही नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या आठव्या कलमानेच वैमानिकविरहित विमानांच्या उड्डाणामुळे नागरी विमानांना धोका पोहोचणार नाही, अशा प्रकारे त्यांचे नियंत्रण करण्याचे दायित्व प्रत्येक सदस्य राष्ट्रावर टाकले आहे. भारत त्या कराराचा सदस्य आहे.

सत्तेची वाटणी

तारीख न ठरण्याचे कारण तंत्रज्ञानात कमी आणि दिल्लीच्या कार्यालयीन भूगोलात अधिक सापडते. नियम करते राजीव गांधी भवनातील नागरी विमान वाहतूक मंत्रालय. सुरक्षेची चिंता वाहते गृह मंत्रालय, कारण पंजाबच्या सीमेवर अमली पदार्थ आणि शस्त्रे टाकणाऱ्या ड्रोनशी झुंज सीमा सुरक्षा दलाची आहे. आकाशाचा मोठा भाग ताब्यात आहे हवाई दलाच्या. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात पाकिस्तानने एका रात्रीत ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे भारत सरकारने सांगितले आणि उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी काही दिवस बंद राहिले. अशा प्रसंगानंतर संरक्षण यंत्रणेला आकाशातील प्रत्येक अनोळखी वस्तू शत्रूची वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच आपले ड्रोन आपले म्हणून ओळखता येणे ही सर्वात आधी संरक्षणाचीच गरज आहे, हे मात्र पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही.

केंद्र-राज्य संबंधांची गाठ याहून अवघड आहे. हवाई मार्ग आणि हवाई वाहतुकीचे नियमन हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे, तर पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यांच्या. ड्रोन या दोन याद्यांच्या मधोमध उडतो. डिजिटल नकाशावर एखादे क्षेत्र हिरवे असते आणि त्याच वेळी तेथील पोलीस आयुक्तांचा मनाई हुकूम ड्रोनवर सरसकट बंदी घालतो. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास दिल्लीत, आणि वर्षातून अनेकदा मुंबईत, असे हुकूम निघतात. पोलिसांचा दोष काढता येणार नाही. समोर उडणारा ड्रोन लग्नाच्या छायाचित्रकाराचा आहे, सर्वेक्षकाचा आहे की घातपात्याचा, हे ओळखण्याचे साधन ज्याच्या हाती नाही, तो अधिकारी सगळेच थांबवणार. ओळख नसलेल्या राज्यव्यवस्थेला बंदी हेच एकमेव हत्यार उरते.

ही अनोळख केवळ विमानांच्याच जिवावर उठते असे नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोननी गावे जागी ठेवली. चोरटे घरांची टेहळणी करतात, या वदंतेने लोक काठ्या घेऊन गस्त घालू लागले आणि विषय विधिमंडळापर्यंत गेला. २०२५ च्या पावसाळ्यात तोच प्रकार पश्चिम उत्तर प्रदेशात झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्याने भीषण वळण घेतले. रायबरेली जिल्ह्यात ‘ड्रोनवाला चोर’ समजून जमावाने एका निरपराध दलित माणसाला ठार मारले. गावच्या पोलीस चौकीतील शिपायाला आपल्या मोबाइलवर डोक्यावरच्या ड्रोनचा क्रमांक पाहता आला असता, किंवा ‘येथे कोणताही नोंदणीकृत ड्रोन नाही’ असे छातीठोकपणे सांगता आले असते, तर अफवेचे पाय तरी लटपटले असते.

शिक्षेने काय साधेल?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन (प्रोत्साहन आणि नियमन) विधेयकाचा मसुदा लोकांच्या मतांसाठी खुला केला. ५०० किलोपर्यंतच्या ड्रोनसाठी स्वतंत्र कायदा करणाऱ्या या मसुद्यात नोंदणी आणि प्रमाणीकरणाची सक्ती, अपघातग्रस्तांना भरपाई, पोलिसांना जप्तीचे अधिकार आणि नियमभंगासाठी तुरुंगवास अशा तरतुदी आहेत. २०२१ च्या उदारतेपासून हा स्पष्ट माघारीचा सूर असल्याची टीका उद्योगांकडून झाली. भरपाईची तरतूद निःसंशय आवश्यक आहे. आजवर ड्रोनच्या तृतीयपक्षी विम्यासाठी नियमकर्त्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा आधार घ्यावा लागला, यातच कायद्याची उणीव दिसते. तथापि तुरुंगवासाच्या कलमासमोर एक साधा प्रश्न उभा राहतो. ज्या चालकाला शोधण्याची यंत्रणा नाही, त्याला शिक्षा कोणती आणि कशी करणार? नोंदणी केलेला, अर्ज भरलेला, ज्याचा पत्ता पोलिसांकडे आहे, असा प्रामाणिक चालकच मग कायद्याच्या कचाट्यात प्रथम सापडेल.

नियामकाची क्षमता हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. ऑगस्ट २०२५ मधील संसदीय स्थायी समितीच्या अहवालानुसार डीजीसीएतील मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिक्त होती. प्रवासी विमानांच्या तपासणीलाच जेथे मनुष्यबळ पुरत नाही, तेथे हजारो ड्रोनवर माणसांनी नजर ठेवण्याची अपेक्षा फोल आहे. ते काम यंत्रणेनेच करावे लागेल. त्या यंत्रणेला तिच्या मर्यादाही आहेत. दिल्ली विमानतळाकडे उतरणाऱ्या काही विमानांना उपग्रह संकेतांत बनावट हस्तक्षेप आढळला, हे केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत सांगितले. ड्रोनचे आभासी कुंपणही याच उपग्रह संकेतांवर उभे आहे. स्थानच खोटे कळले, तर कुंपणही खोट्या जागी उभे राहील. म्हणून केवळ ड्रोनच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबून चालणार नाही. मोठ्या विमानतळांभोवती स्वतंत्र शोधयंत्रणाही हवी.

तारीख ठरवण्याची वेळ

यातून मार्ग काढण्यासाठी नव्या समितीची आवश्यकता नाही. क्रम ठरवण्याची आहे. पहिली पायरी म्हणजे २०२१ च्या नियमांत ‘भविष्यात’ म्हणून ठेवलेल्या ओळख-संकेतकाची अधिसूचना. सहा महिन्यांची मुदत नियमातच आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनना आणि पिकावर काही फुटांवरूनच फिरणाऱ्या फवारणी ड्रोनना प्रारंभी सवलत देता येईल. जानेवारी २०२५ पर्यंत प्रमाणित झालेल्या ९६ प्रारूपांपैकी ६५ शेतीची होती. शेतातील ड्रोनदीदीवर विमानतळाचे नियम लादण्यात अर्थ नाही. धोका जेथे आहे तेथे, म्हणजे शहरांवर, विमानतळांभोवती, हेलिकॉप्टरच्या मार्गांवर आणि नजरेआड जाणाऱ्या लांब उड्डाणांत, सक्ती हवी.

दुसरी पायरी म्हणजे वाहतूक व्यवस्थापनाचे जाळे एखाद्या निवडक क्षेत्रात प्रत्यक्ष चालवून दाखवणे, आणि त्यात कमी उंचीवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरनाही सामील करून घेणे. तिसरी, या जाळ्याची खिडकी जिल्हा पोलिसांना उघडून देणे, म्हणजे राज्यांना मनाई हुकमाखेरीज दुसरे साधन मिळेल. अर्थात ओळखीची यंत्रणा ही पाळतीचीही यंत्रणा होऊ शकते. ड्रोनचा क्रमांक आणि स्थान कोणालाही दिसावे. चालकाचे नाव-पत्ता मात्र अधिकृत चौकशीतच उघडावा, आणि कोणी केव्हा तो पाहिला याची नोंद राहावी. रस्त्यावरच्या गाडीचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि मालकाचे नाव परिवहन कार्यालयात राहते, ही जुनी रीत येथेही पुरेशी आहे.

ड्रोनधोरणाचे यश सरकार आजवर किती अर्ज कमी केले आणि किती गटांना ड्रोन वाटले, यावर मोजत आले. ते मोजमाप चुकीचे नव्हे, अपुरे आहे. जव्हारच्या डोंगरात लस घेऊन जाणारा ड्रोन आणि त्याच डोंगरावरून रुग्णाला घेऊन येणारे हेलिकॉप्टर यांनी एकमेकांना ओळखले पाहिजे. विद्यमान विधेयकाच्या मसुद्यावर पुढे जी काही प्रक्रिया होईल, तीत शिक्षेच्या कलमांवर संसदेचा वेळ जाईल हे उघड आहे. महाराष्ट्राच्या खासदारांनी तेव्हा एकच प्रश्न लावून धरला तरी पुरे. संकेतक सक्तीचा होण्याची तारीख कोणती? चरखी दादरीच्या वेळी ही तारीख अपघाताने ठरवली होती. या वेळी ती राजपत्रात आधी छापून यावी.